फडक्याला वास येतो, पाणी टिपत नाही: टिशू रोलकडे परत फिरण्याआधी

“काकू, तुमच्या नादाने रोल बंद केला आणि आता ओटा पुसला की ओट्यालाच वास येतो.”

असे फोन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि दिवाळीची साफसफाई होईपर्यंत येत राहतात. कधी कुणाची जाऊ, कधी सून, एकदा तर खालच्या मजल्यावरचे काका, बायको माहेरी गेलेली म्हणून. तक्रार तीच.

मी इंदुरात सुदामा नगरात डबे करते. बाहेरगावहून शिकायला आलेल्या मुलांचे दोन वेळचे चाळीसेक डबे असतात. कागदी किचन रोल आठवड्याला पाच-सहा सहज संपायचे. त्यात इंदुरात कचरा वेगळा करायचं वळण आता सगळ्यांच्या अंगात मुरलंय. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काही उगाच आला नाही. पण तेलाने माखलेला टिशू ओल्या डब्यात की सुक्यात, यावरून माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं आणि माझं रोज सकाळी वाजायचं. शेवटी रोलच बंद केला आणि सुती फडकी आणली. तिसऱ्या आठवड्यात ती कुबट झाली आणि रोल परत आला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

मग कुठे बाबांना विचारायचं सुचलं. बाबा इथल्याच एका कापड मिलमध्ये ब्लीचिंग खात्यात होते. त्यांनी फडकं ओलं करून हुंगलं आणि म्हणाले, “फडकं बिघडलेलं नाही. त्याच्यावर पुट चढलंय. तू धुतेस तेव्हा मळ निघत नाही, वर साबणाचा अजून एक थर बसतो.”

तेव्हापासून हाच बिघाड माझ्याकडे, नणंदेकडे, अर्ध्या बिल्डिंगमध्ये इतक्या वेळा काढलाय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले की कारण कळतं. ते प्रश्न आणि त्यामागची कारणं इथे एकदाची लिहून ठेवते.

आधी लक्षणं

फडकं ओलं करून, पिळून नाकाशी न्या. कोरडं हुंगून उपयोग नाही, वास ओलं झाल्यावरच वर येतो.

कुबट वास, पावसात घरातल्या घरात वाळलेल्या कपड्यांसारखा. धुऊन वाळल्यावर नसतो, पाणी लागलं की दहा मिनिटांत हजर. हे जंतूंचं काम.

खवट वास, शेवेचा डबा महिनाभर तसाच राहिला की येतो तसा. फडकं हाताला किंचित चिकट, कडेला पिवळट. हे तेलाचं काम.

गटारासारखा वास. हा फडक्याचा नसतोच, फडक्याने तो सिंककडून किंवा मशीनकडून उसना घेतलेला असतो.

वास अजिबात नाही, पण फडकं पाणी टिपण्याऐवजी ओटाभर ढकलत फिरतं. नव्या फडक्यांचं आणि सॉफ्टनरमधून निघालेल्यांचं हे ठरलेलं दुखणं.

फडकं पापडासारखं कडक, पांढऱ्याचं करडं झालेलं. हे जड पाण्याचं काम.

एकाच फडक्यात दोन-तीन लक्षणं मिळाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा तसंच असतं. क्रम मात्र खाली दिलाय तोच ठेवा. मी स्वतः उलट्या क्रमाने गेले होते. आधी मशीनवाल्याला बोलावून पैसे दिले, आणि दोष निघाला दोरीचा.

पहिलं: फडकं वाळतं कुठे?

फुकटातली तपासणी, आणि निम्मे फोन इथेच संपतात. आत्ता उठून बघा, ओल्या फडक्याची जागा कोणती? सिंकच्या नळावर घडी घालून? ओव्हनच्या दांडीवर चार पदरी? ओट्याच्या कोपऱ्यात बोळा करून? तसं असेल तर पुढचं काही करायच्या आधी ही जागा बदला.

कारण सरळ आहे. कुबट वासामागे जे जंतू आहेत त्यांना ओल आणि वेळ, या दोनच गोष्टी हव्यात. धुतलेल्या कपड्यांच्या या वासावर जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये काम प्रसिद्ध केलं होतं, त्यात मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू मुख्य आरोपी ठरला. त्याची खोड अशी की फडकं वाळलं तरी तो मरत नाही, दबा धरून बसतो आणि पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतो. “उन्हात कडकडीत वाळवलं तरी वास येतो” ही तक्रार म्हणूनच खोटी नसते. वाळवण्याने नवा वास धरत नाही, पण आधीच मुक्कामाला आलेले पाहुणे जात नाहीत. त्यांचा इलाज पुढे आहे, पण वाळवण्याची सोय नसेल तर तो इलाज आठवडाभरही टिकत नाही.

फडकं एकपदरी, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं टांगा. एप्रिल-मेमध्ये माळव्याच्या हवेत अर्ध्या तासात वाळतं, तेव्हा कुणाचाच फोन येत नाही. पावसाळ्यात मी गॅलरीचा नाद सोडते. आतल्या खोलीत पंख्याखाली दोरी बांधते आणि रात्री पंखा चालू ठेवते. तेवढ्यानेही दमट राहिलं तर इस्त्री. इस्त्रीने उरलेली ओल जाते आणि उष्णतेने जंतूंचीही दाणादाण उडते. फडक्यांना इस्त्री म्हटल्यावर सासूबाई हसल्या होत्या. आता स्वतःच करतात.

दुसरं: फडकी किती आहेत?

टिशूऐवजी फडकं म्हणून लोक चार फडकी आणतात आणि इथेच फसतात. रोलमध्ये शंभर तुकडे असतात. एक तुकडा एकदाच वापरायचा, म्हणून तो वास मारत नाही, त्यात कागदाची काही हुशारी नाही. चार फडक्यांना शंभर तुकड्यांचं काम लावलं तर ती दिवसभर ओलीच राहणार.

साध्या चौघांच्या घरात मी किमान दोन डझन सांगते. सगळी विकत आणायची नाहीत. जुन्या धोतराचं, नऊवारीचं, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पंचाचं कापड दुकानातल्या कुठल्याही नव्या किचन टॉवेलपेक्षा जास्त पाणी पितं. त्यातली खळ कधीच निघून गेलेली असते. हातभर लांबीचे तुकडे फाडा, कडा शिवा, झालं.

वाटणीही करा. माझ्याकडे हात पुसायचं वेगळं, धुतलेली भांडी पुसायचं वेगळं, ओट्याचं वेगळं आणि गरम भांडी उतरवायचं मसोतं वेगळं. आमच्या ताई सगळ्यालाच साफी म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला घोळ व्हायचा. मग रंग ठरवून दिले. हा टापटिपीचा हट्ट नाही. ओट्यावरचं सांडलेलं दूध ज्याने टिपलं त्यानेच ताट पुसलं तर दोन्हींचा घोटाळा होतो. मसोतं तर कायम कोरडंच हवं, कारण ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताला लागते आणि वाफेने भाजतं. आमच्याकडे कढई उतरवताना एकदा असं झालंय, म्हणून हे दोनदा सांगते.

तिसरं: पाण्याचा एक थेंब

वाळलेलं फडकं ताटावर पसरा आणि बोटाने पाण्याचा एक थेंब टाका. एक-दोन सेकंदांत जिरला तर फडकं निरोगी आहे. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल बसून राहिला तर वर पुट आहे. मिलमध्येही कापड नीट उकळलंय की नाही ते असंच बघायचे, फक्त हातात घड्याळ असायचं.

थेंब जिरत नाही याची तीन कारणं असतात.

फडकं नवं असेल तर खळ आणि कापसाचं स्वतःचं मेण. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, शिवाय विणण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावतात. मांजरपाटासारख्या कोऱ्या कापडात हे दोन्ही शाबूत असतं. बाबांच्या खात्यात असं कापड कियर नावाच्या मोठ्या बंद भांड्यात क्षाराच्या पाण्यात तासन् तास उकळायचे. त्यांचं वाक्य होतं, “कोऱ्या कापडाला तहान नसते, ती लावावी लागते.” घरी याला एक उकळी पुरते. कृती खाली आहे.

दुसरं कारण फॅब्रिक सॉफ्टनर. ज्या गुणाने साडी मऊ लागते, त्याच गुणाने फडकं निकामी होतं. सॉफ्टनर तंतूंवर स्निग्ध थर देतो आणि तो थर पाण्याला आत येऊ देत नाही. किचनच्या कपड्यांना तो पूर्ण बंद. मायक्रोफायबरलाही बंद.

तिसरं कारण, फडकं सुती नसणंच. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी उरतो. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून मी एकदा मोठ्या हौसेने वीस ‘कॉटन’ टॉवेल आणले होते, त्यांत मणीच मणी निघाले. असल्या फडक्यावर पुढचे उपाय करून वेळ घालवू नका, गाडी पुसायला द्या.

चौथं: पावडर कमी करा

वास आला की आपला हात आपोआप जास्त पावडर टाकतो. उलट करायचं असतं. धुतलेलं, वाळलेलं एक फडकं कोमट स्वच्छ पाण्यात बुडवून चांगलं खळबळा. पाणी गढूळ झालं किंवा फेस आला, तर तुमचं फडकं ‘धुतलेलं’ नाही, साबणात मुरवलेलं आहे. उरलेला साबण तेल आणि अन्नाचे कण धरून ठेवतो आणि जंतूंचं जेवणाचं ताट तयार राहतं. पावडर निम्मी करा, एकदा जास्त खंगाळा. पंधरा दिवस हेच करून बघा आणि तेवढ्यात दुसरं काही बदलू नका, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

पाचवं: धुण्याच्या सोड्यात उकळणं

बहुतेक फडकी इथे बरी होतात. थोडी मेहनत आहे, म्हणून लोक हे टाळतात.

धुण्याचा सोडा, म्हणजे वॉशिंग सोडा. खाण्याचा सोडा यासाठी फार सौम्य पडतो. कॉस्टिक सोडा मात्र घरात आणूच नका, त्याने हात आणि डोळे जातील. मिलमध्ये तो वापरायचे, पण तिथे ते काम शिकलेली माणसं करत.

स्टीलचं मोठं पातेलं घ्या. अॅल्युमिनियमचं नको. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला खातो, पातेलं काळं पडतं आणि तो काळेपणा फडक्यांवर उतरतो. माझी एक जुनी पातेली यात गेली. पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे सोडा, अगदी थोडी पावडर, आणि फडकी पूर्ण बुडतील एवढीच. मंद उकळीवर वीस मिनिटं. पातेलं काठोकाठ भरू नका, फेस उतू जातो. हातात रबरी मोजे घाला. गार झाल्यावर पाणी ओतून बघा. ‘स्वच्छ’ फडक्यांतून निघालेलं ते चहाच्या रंगाचं पाणी एकदा पाहिलं की पुट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

यात दोन कामं होतात. उष्णतेने जंतू मरतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणून पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण फडक्यांना ते पुष्कळ झालं. मशीनमध्ये करायचं तर ६० अंशांचं चक्र लावा. ३० अंशांच्या धुण्याने वास जात नाही, तो फक्त आवरून बसतो. दुसरं काम तेलाचं. आपल्याकडे तळण बहुतेक घरांत सोयाबीन तेलात होतं, आणि का होऊ नये, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाच इंदुरात आहे. पण हे तेल हवेत उघडं राहिलं की हळूहळू घट्ट, चिकट होत जातं. चिमणीच्या जाळीवरची पिवळी चिकटण पाहिली असेल, तीच फडक्याच्या धाग्याधाग्यांत तयार होते. शेंगदाणा तेलाचं असं कमी होतं. ताजं तेल गरम पाणी आणि पावडरीने निघतं, पण ते एकदा घट्ट झालं की सोडा आणि उकळी लागते, तीही कधीकधी दोनदा. म्हणून तेलकट फडकं आठवडाभर धुण्याच्या टोपलीत साठवू नका, त्याच दिवशी गरम पाण्यातून काढा.

इथे एक घाबरवणारी गंमत होते. हळदीने पिवळं झालेलं फडकं सोड्याच्या पाण्यात पडलं की लालभडक होतं. रात्री अकरा वाजता फोटो येतात, “काकू, रक्तासारखं काय हे?” हळद क्षारात लाल होते. पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करायचे, ते याच गुणावर. खंगाळलं की ती लाली उतरते, आणि उरलेला पिवळा डाग दोन दिवसांच्या उन्हात फिका पडतो. हळदीला ऊन सोसत नाही. तेवढ्यासाठी ब्लीच नको.

ब्लीचवरून आठवलं. क्लोरीनचं ब्लीच वापरायचंच असेल तर फक्त पांढऱ्या सुती कापडावर, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि एकटं. त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमचं अॅसिड मिसळलं की विषारी वायू निघतो. “दोन्ही घातलं की दुप्पट स्वच्छ” असं समजून हे करणारी दोन घरं मला माहीत आहेत. खिडक्या उघडून बाहेर पळावं लागलं होतं. मी ब्लीच ठेवतच नाही, त्याने सूतही लवकर झिजतं.

मायक्रोफायबर आणि कच्च्या रंगाची फडकी उकळू नका. आणि उकळल्यावर थेंबाची चाचणी पुन्हा करा.

सहावं: पाणी कुठलं?

उकळूनही महिनाभरात फडकं पुन्हा कडक आणि करडं झालं तर पाण्याकडे वळा. इंदुरात हा प्रश्न घरोघरी वेगळा असतो. नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात, तेही बहुतेक वसाहतींत एक दिवसाआड. मधल्या दिवशी टाकीत बोरिंगचं पाणी चढतं, आणि माळव्याच्या काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतात. तो खंगाळून जात नाही, धाग्यात अडकतो. म्हणजे नर्मदेच्या दिवशी धुतलेली आणि बोरिंगच्या दिवशी धुतलेली फडकी एकाच घरात वेगळी वागतात. “कधी चांगली निघतात, कधी नाही” असं कुणी म्हणालं की मी आधी हेच विचारते.

तपासणी सोपी आहे. दोन पारदर्शक बाटल्या अर्ध्या भरा, एकीत आरओचं प्यायचं पाणी, दुसरीत धुण्याचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. पावडर घेऊ नका, ती जड पाण्यातही फेस देते आणि फसवते. आरओच्या बाटलीत फेस उभा राहील. धुण्याच्या पाण्यात फेस न येता दह्यासारखा साका तरंगला तर पाणी जड आहे. खिशातलं टीडीएस मीटर यासाठी उपयोगाचं नाही. ते एकूण विरघळलेले क्षार मोजतं, त्यात जडपणा किती ते सांगत नाही.

आता मला सगळ्यात उशिरा सापडलेलं कारण. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी आम्ही बादलीत साठवायचो. पाणी वाया घालवायचं नाही ही शिकवण चांगलीच, पण त्या बादलीतलं पाणी मी फडक्यांना वापरत होते. आरओ शुद्ध पाणी एका नळीने देतो आणि त्यातले काढलेले क्षार दुसऱ्या नळीने बाहेर टाकतो. म्हणजे ती बादली मूळ बोरिंगपेक्षाही जड. वर्षभर मी फडकी त्यात धूत होते आणि दोष पावडरीला देत होते. ते पाणी आता संडासात टाकायला वापरते.

जड पाण्यावर घरगुती इलाज दोन. धुताना चमचाभर धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवा, तो कॅल्शियमला खाली बसवतो आणि साबण मोकळा राहतो. आणि आधीच कडक झालेल्या फडक्यांसाठी बादलीभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व (किराणेवाल्याकडे टाटरी मागा), तासभर भिजवून खंगाळणं. सोडा आणि लिंबूसत्व एकत्र टाकू नका. फसफस छान दिसते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि फडक्याला काहीच मिळत नाही.

सातवं: मशीन

इथपर्यंत सगळं केलं आणि वास आहेच, तर एक फडकं बादलीत हाताने धुवा, दुसरं मशीनमध्ये, दोन्ही एकाच दोरीवर वाळवा, ओली करून हुंगा. हाताचं चांगलं आणि मशीनचं घाण, तर चोर मशीनमध्ये आहे. घरातल्या बाकी कपड्यांनाही तोच वास असेल तर ही परीक्षाही नको.

समोरून उघडणाऱ्या मशीनच्या रबराची घडी बोटाने उलटा. काळी बुरशी, केस, कधी नाणं. ते पुसून काढा. खाली डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात छोटं दार असतं, आत गाळणी. मशीन बंद करून, प्लग काढून, खाली परात ठेवूनच उघडा, कारण आतून लिटर-दोन लिटर पाणी येतं आणि त्या वासाने सगळं कोडं सुटतं. मग रिकामं मशीन सगळ्यात गरम चक्रावर किंवा टब क्लीनवर चालवा. धुऊन झालं की दार उघडं ठेवा. लहान मूल घरात असेल तर दारावर लक्ष ठेवा.

पावडरीचा खण आणि पाण्याच्या पाइपच्या तोंडाची जाळीही बघा. त्यापुढे जाऊ नका.

इथे थांबा

मशीनला हात लावल्यावर झिणझिणी आली तर प्लगलाही हात लावू नका. मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंगचा दोष असू शकतो. गाळणी हाताने फिरत नसेल, पाणी आत साचून राहत असेल, गरम चक्रात पाणी गरमच होत नसेल किंवा जळका वास येत असेल तर मेकॅनिक. ड्रमच्या मागच्या बाजूला बसलेला साका काढायला मशीन खोलावं लागतं, ते व्हिडिओ बघून करायचं काम नाही. माझ्या दिरांनी केलं होतं. चार स्क्रू उरले.

सिंकखालच्या कपाटात ओल असेल, गटाराचा वास तिथूनच येत असेल आणि ट्रॅप (सिंकखालचा वाकडा पाइप) साफ करूनही जात नसेल तर प्लंबर. भिंतीत पाणी झिरपत असताना फडकी उकळण्याला अर्थ नाही.

बाटलीच्या चाचणीत साका फारच आला तर पाणी प्रयोगशाळेत द्या आणि एकूण जडपणा विचारा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा आहे. आकडा त्याहून वर असेल तर विषय सोसायटीच्या बैठकीत न्या. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवणं आणि त्याला वेळच्या वेळी मीठ देणं एकट्या घराचं काम नाही.

आणि सोडा-पावडरीने हाताला भेगा पडल्या, खाज आली, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मोजे घालून तसंच पुढे ढकलू नका.

कागद कुठे हवाच

मी रोल घरातून हाकललेला नाही, तो फळीच्या मागे असतो. कच्च्या चिकनचं पाणी, फुटलेलं अंडं, मांजरीची ओकारी, काचेचा बारीक चुरा यांना फडकं नकोच. पुसायचं आणि टाकायचं. भजी-पुऱ्यांचं तेल निथळायला मात्र रोलही लागत नाही, जाळीची चाळणी ताटावर ठेवली की झालं. वर्तमानपत्र तर मुळीच नको. छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात ठेवू नका असं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय, तरी सकाळच्या पोह्यांखाली ते अजून दिसतं.

तेलाने चिंब झालेली फडकी गठ्ठा करून बंद डब्यात किंवा ड्रायरमधून गरमागरम काढून ढिगात ठेवू नका. तेल हवेत घट्ट होताना उष्णता सोडतं, आणि ढिगात ती कोंडून आग लागू शकते. जवसाच्या तेलाची यात सगळ्यात जास्त भीती.

उकळून, लिंबूसत्वात भिजवून, मशीन साफ करूनही एखादं फडकं थेंब पीत नसेल तर त्याचा एक कोपरा कातरा. माझ्याकडे एक कोपरा कातरलेलं म्हणजे आता फक्त ओट्याचं. दोन कातरले की गॅसच्या शेगडीचं, तीन म्हणजे फरशीचं पोतेरं. ताईंना आता रंग विचारावे लागत नाहीत, त्या कोपरे मोजतात. चारही कोपरे गेलेलं सध्या मुलाच्या स्कूटीच्या डिकीत आहे.